मागून सांगणाऱ्या गोदाबाई

गोदाबाईंनी मला पहिल्यांदा चहा दिला तेव्हा मी अमरावतीत, दवाखान्यातल्या माझ्या खोलीत बसले होते आणि त्या भातकुलीच्या पलीकडच्या खेड्यात, आपल्या घरी होत्या. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. त्याच्यासमोर त्यांनी बशीसकट कप आणून ठेवला, त्यामुळे मला अर्ध्या स्क्रीनवर नुसती वाफ दिसायला लागली.

"घ्या जी बाई, चहा घ्या," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "आता तुमी कशा पेसान? पन पाहुनी घरात आली अन् तिच्यापुढं चहा नाई ठेवला, तं बरं नाई दिसत."

मी कपाळाला हात लावला. "आजी, कप जरा बाजूला घ्या. मला भगवंतराव दिसले पाहिजेत."

मेंदूच्या चाचण्या घेणं हे माझं काम. त्यात सुई नाही की मशीन नाही. मी प्रश्न विचारते. आज वार कोणता, महिना कोणता, वीसपासून उलटे आकडे म्हणा, घड्याळ काढून दाखवा. पाच शब्द सांगते, थोड्या वेळानं तेच परत विचारते. माणसाचं विसरणं वयाचं आहे की आजाराचं, हे त्यावरून डॉक्टरांना कळायला मदत होते. आधी हे सगळं दवाखान्यातच व्हायचं. पण गर्दी पाहून बावरलेला म्हातारा माणूस धड स्वतःचं नाव सांगत नाही. भगवंतराव तर पहिल्या भेटीत नंबर यायच्या आधीच उठून गेले आणि अमरावतीच्या बस स्टँडवर सापडले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की यांची चाचणी घरीच घ्या, व्हिडिओवर.

लोकांना वाटतं, व्हिडिओवर म्हणजे सोपं. सोपं कसलं! आपल्याकडे घर म्हणजे बिनदाराची गोष्ट. एका घरी मी पेशंटला वार विचारला, तर बाहेर ओट्यावर बसलेल्या चौघांनी एका सुरात 'मंगळवार' म्हणून सांगितलं. एका सूनबाईंनी सासूच्या पाठीमागे कॅलेंडर धरलं होतं आणि मला वाटत होतं की सासूबाई भिंतीला टेकून बसल्यात. तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. आधी फोन फिरवून सगळी खोली दाखवायची. कॅलेंडर उतरवायचं, घड्याळ उतरवायचं. पेशंटशिवाय खोलीत कोणी थांबायचं नाही. माझा नवरा म्हणतो, तू चाचणी घेत नाहीस, झडती घेतेस. म्हणू दे.

गोदाबाईंनी झडती हसत हसत दिली. फोन हातात घेऊन घरभर फिरवला, वर देवघर दाखवलं, मांजर दाखवलं, कपाटावरची मुलाच्या लग्नाची तसबीरही दाखवली. हा मुलगा अमोल. तो अकोल्याकडे, बाळापूरला खताबियाण्याच्या दुकानात नोकरीला आहे. मग फोन डब्याला लावून त्या म्हणाल्या, "मी आता जातो बाहेर. तुमचं चालू द्या." त्यांची पावलं दूर गेलेली मी ऐकली. परत आलेली मात्र मला ऐकू आली नाहीत, कारण त्या चप्पल बाहेर काढून आल्या होत्या.

भगवंतराव उंच, हाडापेरानं मोठे, पांढरी टोपी, दाढी केलेली. दाढी त्यांची गोदाबाईच करत, हे मला पुढे कळलं. मी म्हटलं, "मी पाच शब्द सांगते. ते म्हणा आणि लक्षात ठेवा. हळद, चष्मा, घागर, बैल, कुलूप." त्यांनी शाळेतल्या मुलासारखे ते म्हणून दाखवले. मग वार विचारला. "बाजाराचा असन," ते म्हणाले. महिना विचारला तर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारात पडले. घड्याळ काढलं त्यात सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसले, उरलेली बाजू मोकळी. माझं पेन पटापट चालत होतं आणि मन खट्टू होत होतं. शेवटी मी विचारलं, "मघाचे पाच शब्द?"

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनच्या वर कुठेतरी पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "हळदीचा डबा. चष्मा. घागर... मातीचा बैल. कुलूप."

पाचही! ज्या माणसाला महिना सांगता येत नाही त्याला पाचही शब्द आठवले. असं कधी होतच नाही असं नाही, पण सहसा होत नाही. शिवाय मी 'हळद' म्हटलं होतं, डबा कुठून आला? आणि बैल मातीचा का? डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, दुसरे शब्द घेऊन पुन्हा पाहा, मग रिपोर्ट लिहा.

रिपोर्ट जायच्या आधी बातमी गेली होती. दुसऱ्याच दिवशी अमोलचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला. "मॅडम, आई म्हणे बाबानं सगळे शब्द बरोबर सांगितले! म्हणजे दिमाग चांगला आहे ना त्यांचा? डॉक्टरसाहेब म्हणाले होते, विसरायची बिमारी असली तर माणसाले सवयीच्या घरातून हलवू नका, जास्त होते. म्हणून मी थांबलो होतो. आता पोळा झाला की दोघांनाही बाळापूरला आणतो. आईला अजून सांगितलं नाही. वरच्या मजल्यावर खोली आहे. तिकडचं घर बंद करून टाकू. वावर तसंही मक्त्यानं दिलेलंच आहे."

मी म्हटलं, घाई करू नका, अजून एक चाचणी राहिली आहे. त्यानं बरं म्हटलं, पण ते ऐकलं असेल असं वाटलं नाही. मुलगा वाईट नव्हता. आईबाप नजरेसमोर असावेत, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी शब्द बदलले. कापूस, देऊळ, पाऊस, सुई, आरसा. मधले प्रश्न झाले आणि मी म्हटलं, "आता सांगा पाहू ते शब्द."

भगवंतरावांची नजर पुन्हा फोनच्या वर गेली.

"फुलवात," ते म्हणाले.

ते पुढे म्हणाले, "नमस्कार. देवाले नमस्कार." मग कुठेतरी वरून पाणी पडल्याचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नळ आला!" मग ते पुढे वाकले, डोळे बारीक केले, पुन्हा वाकले, आणि वैतागून म्हणाले, "थे काय हाय हातात? जवळ आन जरा. दिसून नाई राह्यलं."

फोनमागे कोणीतरी जीभ चावल्याचं मला न बघताही कळलं.

"गोदाबाई," मी माझ्या सगळ्यात कडक आवाजात म्हटलं, "पुढे या."

त्या पुढे आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात सुई, पदर पाण्यानं ओला, काखेत आरसा. मला खरं म्हणजे रागवायचं होतं. पण त्या अवतारात त्यांना पाहून मी तोंडावर हात ठेवून हसायला लागले आणि मग हसू थांबेना. त्याही हसल्या. भगवंतरावही हसले, का ते माहीत नसताना. मग मी डोळे पुसले आणि रागवायचं ते रागवले. म्हटलं, "अहो, ही परीक्षा आहे. अशी कॉपी पुरवतात का?"

"कॉपी?" गोदाबाईंना तो शब्द लागला. "अडलेल्या मानसाले मागून सांगाचं नाई, तं काय त्याचं तोंड पाहाचं? मी जलमभर हेच केलं वो बाई. या गावात ज्या पोरीचं लग्न झालं तिच्यामागं मीच उभी राह्यलो. नाव घे म्हनलं की पोरगी लाजते, इसरते, चार बाया हसतात. मंग मी मागून हळूच सांगतो. तिचं तोंड, माहे शब्द. कोनी म्हनलं का आजपावतर की हे कॉपी हाय?"

खरं होतं ते. पुढे मी त्यांच्याविषयी जे ऐकलं त्यातलं निम्मं हेच होतं. माहेर चांदूर रेल्वेचं. वडील शेतकरी, घरात पोरी पुष्कळ, शाळा चौथीनंतर सुटली. पण उखाणे त्यांना इतके पाठ की आजूबाजूच्या गावांतून लग्नाचं बोलावणं येई ते जेवायला नाही, नवरीमागे उभं राहायला. स्वतःच्या लग्नात मात्र त्यांनी घेतलेला उखाणा पहिला आणि शेवटचा. त्यानंतर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. 'आमच्या घरचे' किंवा नुसतं 'त्याईले'. भगवंतरावही तसेच, 'अमोलची माय' सोडून त्यांनी बायकोला कधी हाक मारली नाही. गोदाबाईंना कुणाचं अडलेलं पाहवत नसे. भजनात बुवा ओळ विसरले तर मागून यांचा आवाज येई. शाळेच्या कार्यक्रमात भाषण विसरलेल्या पोरालाही त्यांनी खाली बसून भाषण सांगितलं होतं, भाषण माहीत नसताना.

पण त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, पाच शब्द नाही आले तर काय होईल?"

हसू गेलं. त्यांनी आरसा खाली ठेवला. भगवंतरावांना म्हणाल्या, "तुमी जरा वसरीत बसा, मांजर पाहा कुठं गेली." ते उठून गेल्यावर त्या फोनच्या इतक्या जवळ आल्या की मला नुसतं कपाळ आणि कुंकू दिसायला लागलं.

"अमोल म्हने, बाबाचा दिमाग गेला असन तं इथं ठेवता येनार नाई. मले तं फोनवर तसंच समजलं. म्हनून पास करून राह्यलो होतो त्याईले." आवाज बारीक झाला. "बाई, ते बाळापूरले नाई जगनार. इथं त्याईले रस्ता आठवत नाई, पन पायाले आठवते. विहिरीवर जातात, देवळापाशी बसतात, कोनी ना कोनी घरी आनून सोडते. तिथं वरच्या मजल्यावर कोनत्या दारानं बाहेर जातीन?"

अमोल मला जे बोलला होता ते मी त्यांना सांगितलं. तो न्यायचं म्हणत होता ते बाबा आजारी आहेत म्हणून नाही, ठणठणीत आहेत म्हणून. आजार असेल तर सवयीचं घर सोडू नये, हे डॉक्टरांनीच त्याला बजावलं होतं. म्हणजे गोदाबाई डबे आणि बैल दाखवून स्वतःच नवऱ्याचं बोचकं बांधत होत्या.

त्या आ वासून पाहत राहिल्या. मग एकदम भडकल्या, माझ्यावरच. "मंग हे आदी सांगाले काय झालं होतं वो तुमाले? मी इकडं भरल्या घरात पाऊस पाडून राह्यलो!" आणि पुढच्याच क्षणी, डोळे चमकवत, "काही हरकत नाई. आता नापास करतो त्याईले. तुमी विचारा, मी भलतंच दाखवतो."

"गोदाबाई!"

"बरं बरं. नाई करत."

तिसऱ्या वेळी मी त्यांना घरातच थांबू दिलं नाही. शेजारणीच्या फोनवरून माझ्याशी बोलत त्या अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसल्या, बसल्याचा पुरावा म्हणून मला निंबही दाखवला. मग मी तो फोन ठेवला आणि भगवंतरावांकडे वळले. खोलीत ते एकटेच होते. मी शब्द सांगितले, मधले प्रश्न विचारले. बरंच काही चुकलं. मग पाच शब्द विचारले.

त्यांनी सवयीनं फोनच्या वर पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची पुढे ओढून, एखादी खाजगी गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "बाई, मले नाई आठवत. मले कवाच नाई आठवलं. ते मागं उभी राहून वस्तू दाखवते, मी पाहून सांगतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव ना. तिले लय बरं वाटते मी सांगतलं की. तोंड पाहा तिचं तवा." ते थांबले. हातातली टोपी फिरवत राहिले. "माहं डोकं रिकामं होऊन राह्यलं, हे मले समजते. सकाळी समजते, दुपारी इसरतो. तिले नका सांगजा. ते घाबरीन."

मी इतकी वर्षं हे काम करते. माझ्यासमोर माणसं रडली आहेत, चिडली आहेत, एकानं फोन आपटला आहे. तेव्हा मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि मी ते पुसलंही नाही, कारण त्यांच्याकडच्या नेटवर्कमध्ये मी त्यांना तशीही धड दिसत नव्हते.

परीक्षा संपल्यावर गोदाबाई धावत आत आल्या. भगवंतराव बाहेर गेले तसं त्यांनी फोन उचलून विचारलं, "काय म्हनले? मले मागून सांगता नाई आलं म्हनून घाबरले नाई ना? अन् हे पाहा, त्याईले नका सांगजा की काही आलं नाई म्हनून. मनाले लावून घेतात ते."

मी म्हटलं, "नाही सांगत. म्हणाले, तुमचा चहा चांगला असतो." नियमांनी चालणारी बाई मी, पण तेवढं खोटं सहज तोंडातून निघालं. भगवंतराव काय बोलले ते मी गोदाबाईंना आजवर सांगितलेलं नाही.

रिपोर्ट गेला. औषधं सुरू झाली. अमोलला डॉक्टरांनी बोलावून समजावलं, तेव्हा तो मला फोन करून नुसता "बरं मॅडम, बरं मॅडम" म्हणत राहिला. बाळापूरची खोली तशीच राहिली. आता सुटीच्या दिवशी तोच बाळापूरहून गावी येतो, वडिलांना विहिरीपर्यंत फिरवून आणतो.

आणि गोदाबाईंना मी काम दिलं. म्हटलं, "परीक्षेचा दिवस सोडून रोज मागून सांगायचं. हवं तेवढं. चष्मा दाखवा, चष्मा म्हणा. माणूस दारात आला की तो कोण ते आधी तुम्ही सांगा, त्यांना अडू देऊ नका." त्यांनी मान अशी हलवली की जणू इतक्या दिवसांनी मला अक्कल आली. तेव्हापासून त्या घरात कोणी आलं की आधी गोदाबाईंचा आवाज येतो, "हा चुलतभावाचा सोहम, तुमच्याच मांडीवर खेळला," आणि मग भगवंतराव थाटात म्हणतात, "ये रे सोहम, बस." पाहुण्याला वाटतं, कसली तल्लख स्मरणशक्ती आहे म्हाताऱ्याची.

गेल्या महिन्यात वर्षाची चाचणी होती. भगवंतराव वाळले आहेत. टोपी मोठी वाटते. गोदाबाईंनी झडती दिली, फोनसमोर चहा ठेवला, मी बाजूला घ्या म्हटलं, त्यांनी घेतला, आणि त्या निंबाखाली जाऊन बसल्या. आता त्यांना सांगावं लागत नाही. मी वार विचारला, भगवंतरावांनी नुसती मान हलवली. मुलाचं नाव विचारलं, थोड्या वेळानं आलं. घरात कोण कोण आहे विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. पाच शब्द तर या वेळी मी सांगितल्यावर लगेचही त्यांना धड म्हणता आले नव्हते. तरी चाचणीत आहे म्हणून मी विचारलं, "मघाचे शब्द आठवतात का?"

त्यांनी फोनच्या वर पाहिलं. भिंत मोकळी होती. पण ते घाबरले नाहीत, चाचपडले नाहीत. हात मांडीवर ठेवून, त्या मोकळ्या भिंतीकडे पाहत शांत बसून राहिले. चेहऱ्यावर हसू होतं, एखाद्याची गाडी येणारच आहे हे माहीत असलेल्या माणसाचं असतं तसं.

"कोणाची वाट पाहताय?" मी विचारलं.

"ते उभी राह्यते ना तिथं." त्यांनी बोटानं भिंत दाखवली. नाव नाही आलं. अमोलची मायही नाही आलं. "येईन आता."

मी चौकटीत शून्य लिहिलं आणि वही मिटली. शेजारणीच्या फोनवर गोदाबाईंना म्हटलं, झालं, या आत. पदराला हात पुसत त्या आल्या आणि सवयीनं थेट फोनमागे, भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला त्या दिसल्या नाहीत. भगवंतरावांना दिसल्या.

"आली पाहा," ते मला म्हणाले, आणि खुर्चीत सावरून बसले. "आता विचारा."